दिनकररावांची वाजंत्री

दिनकर देवधरांना पगार मिळे तो त्यांच्या कानांचा. जर्मनीत र्युसेल्सहाइमजवळ मोटारींना सुटे भाग पुरवणारी एक कंपनी होती, तिथे नव्या गाडीत बसून तिची कुरकुर ऐकणं हे त्यांचं काम. गाडी एका हलत्या चौथऱ्यावर चढवायची, गदगदा हलवायची, आणि आत दिनकरराव डोळे मिटून शांत बसायचे. डॅशबोर्ड कुठे किरकिरतो, दाराचं अस्तर कुठे घासतं, सीटच्या पाठीत काय कुजबुजतंय, हे ते बसल्या जागी सांगत. कंपनीतले जर्मन लोक त्यांना फार मानत. घरी सुरेखाबाईंचं मत जरा वेगळं होतं. "लोकांच्या गाड्यांची कुरकुर बरी ऐकू येते," त्या म्हणत, "माझी मेली एक येत नाही."

खरं म्हणजे सुरेखाबाईंची कुरकुर एकच होती, आणि ती त्यांच्या लग्नाइतकीच जुनी होती. लग्न झालं सांगलीला. मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि दिनकररावांचे एक मामा स्वतः रचलेली कडवी म्हणायला उभे राहिले. कडवी संपेनात. बँडवाल्यांनी बराच वेळ तोंडाशी क्लॅरिनेट धरून वाट पाहिली, मग हे काही आटपत नाही असं म्हणून ते कार्यालयाच्या मागे चहाला गेले. नेमका तेव्हाच मामांचा घसा बसला. गुरुजींनी संधी साधून शेवटचा श्लोक उरकला, 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, आणि पुढे काही नाही. सनई नाही, चौघडा नाही, बँड नाही. कुणीतरी खोकलं तेवढंच.

सुरेखाबाई रीतीप्रमाणे मान खाली घालून उभ्या होत्या. वाजंत्री वाजली नाही म्हणून त्यांनी मान वर केलीच नाही. दिनकरराव हार घेऊन ताटकळले, दोनदा खाकरले, तेव्हा सुरेखाबाईंनी खालीच बघत हळूच विचारलं, "लागलं का?" हा प्रश्न पुढे घराण्यात अजरामर झाला. सुरेखाबाईंची थोरली बहीण सरलाताई तर प्रत्येक सणावाराला तो नक्कल करून दाखवी आणि शेवटी म्हणे, "आमच्या सुरेखाचं लग्न बिनआवाजाचं." सगळे हसत. सुरेखाबाई सगळ्यांत जास्त हसत, आणि घरी आल्यावर दिनकररावांशी दोन दिवस तुटक बोलत.

तर २००८ सालच्या वसंतात याच सरलाताईंचा सांगलीहून फोन आला. त्यांची मुलगी क्षितिजा डार्मस्टाटला डॉक्टरेट करत होती आणि तिथल्याच अनिमेषशी तिचं लग्न ठरलं होतं. अनिमेषचे आईवडील जर्मनीत येऊन पोहोचले होते, हॉल ठरला होता, आणि ऐन वेळी सरलाताई न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडून बसल्या. लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातलं हे पहिलंच इतकं मोठं निघालं. मुलीच्या लग्नाला आईला येता येणार नव्हतं.

"लग्न पुढे ढकलायचं नाही," सरलाताई फोनवर म्हणाल्या. रडून झालं असावं, आवाज जड होता. "मी फोनवर ऐकेन. दिसलं नाही तर नाही. पण सावधान म्हटल्याबरोबर वाजंत्री वाजली पाहिजे. ती वाजली की मी इथे पलंगावरून अक्षता टाकीन. आणि दिनकरराव, ही जबाबदारी तुमची. एक बिनआवाजाचं लग्न आमच्या घरात झालंय, दुसरं नको."

जर्मन सरकारच्या लेखी क्षितिजा आणि अनिमेष श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे तिथल्या विवाह नोंदणी कचेरीत, सह्या करून केव्हाच नवराबायको झाले होते. सरलाताईंच्या लेखी ते अजून एका इमारतीत राहणारे दोन विद्यार्थी होते. त्या दोघांचं जोडपं करायला आता फक्त एक चौघडा हवा होता, आणि तो दिनकररावांच्या गळ्यात पडला होता.

तालीम घरीच सुरू झाली. बैठकीच्या खोलीत म्युझिक सिस्टीम होती आणि सुरेखाबाईंनी सांगलीहून आणलेली सनई-चौघड्याची सीडी होती. सुरेखाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून "शुभमंगल सावधान" म्हणाल्या, दिनकररावांनी बटण दाबलं. यंत्राने तबकडी आधी पोटात फिरवून पाहिली. पडद्यावर 'रीडिंग' अशी अक्षरं आली. सुरेखाबाई आत जाऊन आमटी ढवळून परत आल्या, तेव्हा कुठे पहिला ठोका पडला.

"वरातीमागून घोडं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला लॅपटॉप लावला. त्याने नेमका सावधानचा मुहूर्त साधून स्वतःला अपडेट करायला घेतलं. दिनकरराव सोफ्यावर बसून राहिले. त्यांच्या कानात सांगलीची ती शांतता परत भरली होती, आणि ती कुठल्या स्क्रूने आवळावी ते कळत नव्हतं.

उपाय सुचवला मुलीने. उर्जा चौदा वर्षांची होती, मराठी ऐकायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "पापा, दू ब्राउख्स्ट आइनन डीजे-प्लेअर," ती मान वर न करता म्हणाली. बापाला डीजेचा प्लेअर हवा, असं तिचं निदान होतं. डीजे लोकांना गाणं नेमक्या ठोक्यावर सुरू करावं लागतं, म्हणून त्यांचं यंत्र गाण्याच्या पहिल्या सुरावर आधीच दबा धरून बसतं. बोट लावलं की आवाज. दिनकररावांनी तिला हे तीनदा सांगायला लावलं आणि मग ते इतके खूश झाले की त्यांनी तिच्या डोक्याचा मुका घेतला, जे तिला अजिबात आवडलं नाही.

"म्हणजे आता तुम्ही डीजे होणार," सुरेखाबाई म्हणाल्या. "एकदा बटण दाबायला अख्खं यंत्र? भाड्याने आणा की."

"मंगळसूत्र पण एकदाच घालतात. भाड्याने आणतात का?"

सुरेखाबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र सारखं केलं आणि त्या पोळ्या करायला आत गेल्या.

पुढचे काही आठवडे दिनकरराव डीजेमय झाले. साधा बल्ब आणायला गेला तरी हा माणूस घरी पुस्तिका घेऊन येणारा, मग इथे तर काय, नमनालाच घडाभर तेल गेलं. इंटरनेटवरच्या गप्पांच्या अड्ड्यांवर बर्लिनची पोरं रात्ररात्र कसं वाजवतात ते त्यांनी वाचलं. क्लबात वापरतात ती यंत्रं जुन्या गाडीच्या किमतीची होती, ती त्यांनी नमस्कार करून बाजूला ठेवली. काही यंत्रं जोडीने येत, दोन तबकड्या एका पेटीत, पण बटणं अशी बारीक की चष्मा लावून सावधान ऐकावं लागलं असतं. स्वस्त होती ती अंगावर दिवे लुकलुकवत आणि दिवाळीतल्या खेळण्यासारखी दिसत. घरगुती, परवडणारं, बोटाखाली येईल एवढ्या बटणाचं, सीडी आणि यूएसबी दोन्ही घेणारं आणि मुख्य म्हणजे न कुरकुरणारं असं यंत्र त्यांना हवं होतं. जेवताना ते एकदम घास हातात धरून थांबत आणि म्हणत, "पण हेडफोनची जागा पाहिजेच." सुरेखाबाई वरण वाढत आणि "पाहिजेच," म्हणत.

शनिवारी दोघं फ्रँकफुर्टला गेले. एका वाद्यांच्या दुकानाच्या तळघरात प्लेअर ओळीने मांडून ठेवले होते. विक्रेता टॉर्स्टेन, केसांची शेपटी आणि कानात कडी असलेला, त्याने आधी या पन्नाशीकडे झुकलेल्या जोडप्याकडे पाहिलं, मग मुलासाठी घेताय का असं विचारलं.

"नाही, मीच वाजवणार," दिनकरराव जर्मनमध्ये म्हणाले.

"काय वाजवता? हाऊस? टेक्नो?"

"लग्न," दिनकरराव म्हणाले.

आणि त्यांनी पहिला प्लेअर उचलून कानाशी धरला, नारळ हलवून पाहावा तसा हलवला, आणि खाली ठेवला. "आत स्क्रू सैल आहे." दुसरा उचलला. "याची चकती घासते." तिसऱ्याला नुसती टिचकी मारली आणि मान हलवली. टॉर्स्टेनने तिसरा स्वतः कानाशी धरला, हलवला, आणि त्याचा चेहरा बदलला. "आल्झो, काय सांगू," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी हे विकतोय, असं कुणी पाहिलं नाही." मग त्याला चेव चढला. तो आतून गेल्या सालचं एक मॉडेल घेऊन आला. दुकानात मांडून ठेवलेलं, एका कोपऱ्यावर ओरखडा, म्हणून कमी किमतीत. वर मोठी चकती, खाली दोन ठसठशीत बटणं. दिनकररावांनी ते हलवलं, उलटं केलं, पोटाला कान लावला. आत गाढ झोप होती.

"घरासाठी यापेक्षा जास्त काही लागतच नाही," टॉर्स्टेन म्हणाला. "आणि हे बघा, लूप. हे दाबलं की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. लोक यावर वेडे होऊन नाचतात."

"तेच तेच पुन्हा म्हणणारे मामा आमच्याकडे आहेत," दिनकरराव म्हणाले. "यंत्र कशाला?"

खरी परीक्षा बाकी होती. दिनकररावांनी खिशातून सीडी काढली, पहिल्या ठोक्यावर नेऊन थांबवली, बटणावर बोट ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं. "म्हण."

"इथे?" सुरेखाबाईंच्या एका बाजूला ड्रम होते, दुसऱ्या बाजूला गिटारींची भिंत. एक म्हातारे जर्मन गृहस्थ झांजा निरखत उभे होते. "अहो, लोक काय म्हणतील?"

"त्यांना काय कळतंय?"

सुरेखाबाईंनी पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "शुभमंगल सावधान."

दुकानातल्या भल्यामोठ्या स्पीकरांमधून चौघडा असा फुटला की झांजांपाशी उभ्या आजोबांनी टोपी काढली. आवाज सावधानच्या शेपटालाच चिकटून आला होता, मध्ये फट नव्हती. सुरेखाबाई दचकल्या आणि मग अशा हसत सुटल्या की त्यांना एका ड्रमच्या स्टुलावर बसावं लागलं. टॉर्स्टेनला इतकं आवडलं की त्याने पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच मोठ्याने "सावधान" म्हणाला आणि स्वतःच बटण दाबलं. यंत्र घरी आलं.

पण दिनकरराव चौथऱ्यावर हलवल्याशिवाय कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवत नसत. उद्या हॉलमध्ये लोक नाचले, जमीन हादरली, सीडी उडी मारून पुढे गेली, तर? घरात हलता चौथरा नव्हता, पण तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत वॉशिंग मशीन होतं. त्यांनी प्लेअर त्यावर ठेवला, चादरी घातल्या आणि पिळायचं बटण दाबलं. मशीन थडथडू लागलं. त्यावर प्लेअर थरथरत होता आणि तळघरभर सनई एकही सूर न चुकवता वाजत होती. दिनकरराव डोळे मिटून उभे होते. ते उघडले तेव्हा समोर खालच्या मजल्यावरच्या झिमरमान बाई कपड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या.

झिमरमान बाई म्हणजे त्या इमारतीचा कायदा. दुपारची शांतता, रात्रीची शांतता आणि रविवारची अखंड शांतता या तिन्हींच्या त्या राखणदार होत्या. शांतता मोडली की त्यांचा झाडू छताला लागे. "हेर देवधर," त्या म्हणाल्या, "दुपारची विश्रांतीची वेळ आहे. आणि हे काय आहे?"

दिनकररावांनी सगळं सांगितलं. सांगलीची मोडलेली मांडी सांगितली, फोन सांगितला, सावधान सांगितलं. बोलता बोलता त्यांच्याही नकळत स्वतःचं लग्न सांगितलं. झिमरमान बाईंनी टोपली खाली ठेवली.

"म्हणजे तुमच्या लग्नात संगीत वाजलंच नाही?"

"नाही."

"हे बरोबर नाही," बाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "मशीन बंद होईपर्यंत वाजवा. मी काही ऐकलं नाही."

एवढ्यावर दिनकररावांचं हृदय भरून आलं आणि त्यांनी बाईंना लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. मी तिथे काय करायचं, असं बाईंनी काटेकोरपणे विचारलं. फार काही नाही, दिनकरराव म्हणाले, 'सावधान' ऐकलं की तांदूळ टाकायचे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, "तांदूळ आम्हीही टाकतो."

ही जी चूक झाली ती दुसऱ्या कुणी केली नसती. मोटारीला थंडी, ऊन, धूळ, खड्डे काय काय होऊ शकतं याचा विचार दिनकररावांनी आयुष्यभर केला होता. यंत्राच्या बाबतीतही त्यांनी वीज जाणं, वायर सुटणं, जमीन हादरणं, सगळ्याचा बंदोबस्त केला. पण लहानपणापासून शेकडो लग्नांत ज्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या, त्या माणसाला अक्षता कुठेतरी पडतातही, हे आठवलं नाही. लग्नाच्या दिवशी अंतरपाट नीट दिसावा म्हणून त्यांनी आपलं टेबल वधूवरांना अगदी खेटून मांडलं. त्यांच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, झिमरमान बाई बसल्या होत्या. वाटलेल्या अक्षता त्यांना अपुऱ्या वाटल्या होत्या, म्हणून त्यांनी घरून तांदळाचं पाकीट आणलं होतं.

गुरुजी म्हणजे स्टुटगार्टचे शशिकांत. आठवडाभर इंजिनांची चित्रं काढायचे आणि शनिवारी पाठीवरच्या पिशवीत सोवळं घालून रेल्वेने लग्नं लावत फिरायचे. त्यांनी सूर लावला. टेबलावर प्लेअर, प्लेअरशेजारी स्पीकरवर टाकलेला फोन, फोनमध्ये सरलाताई. मधूनच सांगलीच्या रस्त्यावरचा हॉर्न त्या हॉलमध्ये वाजे. दिनकररावांचं बोट बटणावर होतं.

पहिलं सावधान झालं. हलकेच चार दाणे वधूवरांवर पडले आणि एक भरगच्च मूठ दिनकररावांच्या मानेवर बसली. दुसऱ्या सावधानला कॉलरीत तांदूळ गेले. झिमरमान बाई सांगितलेलं काम चोख करणाऱ्या होत्या, आणि नेम धरताना मध्ये दिनकरराव येतात याला त्यांचा इलाज नव्हता. दिनकररावांना मागे वळून सांगता येईना, बटणावरचं बोट काढता येईना. डावा हात त्यांनी प्लेअरवर छत्रीसारखा धरला. क्षितिजाच्या मैत्रिणींनी दोन कडवी म्हटली. मग फोनमधून सरलाताईंनी स्वतः रचलेलं एक म्हटलं. त्यात लेकीचं बालपण होतं, डार्मस्टाट होतं, मोडलेलं हाडही होतं, आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. अंतरपाटाआड क्षितिजाचे खांदे हलताना दिनकररावांना दिसले. त्यांनाही समोरचं धूसर दिसायला लागलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गुरुजींनी शेवटचा श्लोक घेतला. दिनकररावांना सांगली दिसली, हातातला हार दिसला, खाली घातलेली मान दिसली.

"...सावधान."

त्यांनी बटण दाबलं आणि चौघडा कडाडला. एका केसाचीही फट नव्हती. अंतरपाट पडला, क्षितिजाने मान वर केली, हार पडले, अक्षतांचा पाऊस झाला, आणि दिनकररावांच्या अंगावर असा काटा आला की कॉलरीतले तांदूळसुद्धा त्यांना टोचेनासे झाले. त्यांना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण ते देवधर होते, म्हणून त्यांनी फक्त टेबलावर थाप मारली.

त्या थापेने तांदळाचा एक दाणा घरंगळला आणि लूपच्या बटणाच्या फटीत जाऊन बसला.

धडाड धुम ततड धुम. धडाड धुम ततड धुम. सनई सुरू व्हायच्या आतच चौघड्याने माघारी फिरून पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. दिनकररावांनी बटण दाबून पाहिलं, ते आत रुतलं होतं. वायर काढावी तर ती शांतता परत येणार, आणि ती आणायला त्यांचा हात धजेना. तेवढ्यात कोपऱ्यातून पहिला हात वर गेला. तो उर्जाचा होता. हा तिच्या ओळखीचा ताल होता. तिच्यामागे डार्मस्टाटचे विद्यार्थी उतरले, मग अनिमेषचे वडील फेटा सांभाळत उतरले, मग हार घातलेले नवरानवरी. शशिकांत गुरुजी पुढच्या विधीची पळी हातात धरून थोडा वेळ थांबले, आणि मग पळीनेच ठेका धरला. झिमरमान बाई उरलेलं पाकीट सगळ्यांच्या डोक्यांवर उधळत होत्या.

"दिनकरराव," फोनमधून सरलाताई ओरडत होत्या, "अहो कुठला बँड आणलात? थांबतच नाही तो."

"थांबवू का?"

"थांबवाल तर याद राखा. त्या वेळचं आणि या वेळचं दोन्ही वसूल होऊ दे."

शेवटी सुरेखाबाई आल्या. त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, वाकून नेमका तो दाणा उचकटला, आणि अडून बसलेली सनई मोकळी होऊन हॉलभर पसरली. नाचणाऱ्यांचे पाय हळू झाले. फोनमध्ये सांगलीला पलंगावर एकटी बसलेली बाई आता रडत रडत अक्षता टाकत होती, हे सगळ्यांना कळत होतं. क्षितिजाने फोन उचलून गालाशी धरला. सुरेखाबाई पिन परत खोवत म्हणाल्या, "चांगलं वाजवलंत," आणि लगेच जिलबीच्या पराती बघायला निघून गेल्या.

दुसरा दिवस रविवार. इमारतीत झिमरमान बाईंची शांतता पसरली होती, आणि उर्जा मैत्रिणीकडे सगळी हकीकत सांगायला गेली होती. दिनकररावांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्लेअर उघडला होता. चकतीखालून, बटणांतून, फटीफटीतून लाल-पांढरे तांदूळ निघत होते. सुरेखाबाई सुईने एकेक दाणा काढून वाटीत टाकत होत्या.

"काल क्षितिजाने मान कशी वर केली, बघितलंत?" त्या म्हणाल्या. "आवाज झाल्याबरोबर."

"बघितलं ना."

सुरेखाबाई बराच वेळ एकाच दाण्यापाठी लागून राहिल्या. "मी थट्टा करते इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं हो. सगळ्यांना हसू आलं आणि मला वाटलं, आपलं लागलं ते कुणाला कळलंच नाही. मलाही नाही."

कुरकुर नेमकी कुठून येते ते दिनकररावांना सापडलं. त्यांनी प्लेअरचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले, कानाशी धरून हलवून पाहिला. मग सीडी घातली, पहिल्या ठोक्यावर नेऊन थांबवली, आणि हेडफोन घेऊन बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ जरा."

"काय हे? रविवार आहे. बाई झाडू घेतील."

"म्हणून तर हेडफोन. ऊठ."

त्यांनी सुरेखाबाईंच्या कानांवर हेडफोन चढवला, मागचा अंबाडा सांभाळून. सुरेखाबाई हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. हातातली सुई त्यांनी टेबलावर ठेवली, घरच्या गाऊनची बाही सारखी केली आणि मान खाली घातली. कुणी तसं सांगितलं नव्हतं. दिनकररावांनी डाव्या हातात वाटीतल्या अक्षता घेतल्या, उजव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं, आणि त्यांना हेडफोनमधून ऐकू जाईल अशा बेताने वाकून म्हणाले, "शुभमंगल सावधान."

त्यांनी बटण दाबलं. खोलीत काहीच आवाज झाला नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं आणि खाली कुठेतरी नळ सोडला होता. फक्त सुरेखाबाईंचे खांदे एकदम दचकले, आणि त्यांनी मान वर केली. डोळे पाण्याने भरले होते आणि चेहरा असा दिसत होता, जसा सांगलीला अंतरपाटापलीकडे दिनकररावांना दिसायचा राहून गेला होता.

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही.

"लागलं," सुरेखाबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की खालून झिमरमान बाईंचा झाडू ठकठक छताला लागला. दिनकररावांनी प्लेअर कोपराने लांब सरकवला आणि मूठभर अक्षता बायकोच्या डोक्यावर टाकल्या.